चॅस मॅकगिलची मशीनगन

युद्धकाळात वाढणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या मी कॉलेजात असल्यापासून जमवतो आहे. कपाटाचा अख्खा कप्पा त्यांनी अडवलाय आणि त्यावरून घरात बोलणीही खाल्ली आहेत. तेव्हा आधी रीतसर पार्श्वभूमी उरकून टाकतो. सप्टेंबर १९३९च्या पहिल्या काही दिवसांत ब्रिटनने शहरांतली सुमारे पंधरा लाख माणसं, बहुतेक मुलंच, खेड्यापाड्यांत हलवली. त्या पांगापांगीतून नीना बॉडेनची 'कॅरीज वॉर' (१९७३) आणि मिशेल मॅगोरियनची 'गुडनाइट मिस्टर टॉम' (१९८१) आली. ज्यूडिथ करने हिटलरच्या जर्मनीतून निसटलेलं स्वतःचं बालपण कादंबरीत मांडलं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे आपल्याकडे लाडकी झालेली 'तोत्तोचान' म्हणजे आठवणी, कादंबरी नव्हे. पण बॉम्बहल्ल्यात तोमोए शाळा जळते ते पान मी अजून सलग वाचू शकत नाही.

झालं. आता रॉबर्ट वेस्टॉल.

त्याच्या 'द मशीन गनर्स'मधला (१९७५) चॅस मॅकगिल बॉम्बहल्ल्यानंतरच्या सकाळी घाबरून बसत नाही, रस्त्यावर वेचायला निघतो. त्या काळी मुलं हेच करायची: तोफगोळ्यांचे तुकडे, गोळ्याचं टोपण, आगबॉम्बचं शेपूट, जे मिळेल ते खिशात. मग शाळेत सौदे. गंमत म्हणजे यातले पुष्कळसे तुकडे शत्रूचे नसतच. विमानांवर डागलेल्या ब्रिटिश तोफगोळ्यांचेच ते कपचे. चॅसचा संग्रह गावात दुसऱ्या नंबरचा, आणि तेच त्याचं दुखणं. अशात त्याला कोसळलेलं हाइन्केल विमान सापडतं, मेलेल्या गनरसकट आणि चालू मशीनगनसकट. पोलिसांना सांगायचं सोडून पोरगा करवतीने गन कापून आणतो! मग दोस्तांची टोळी, जमिनीत खणलेला किल्ला, आणि त्यांच्या हाती लागलेला रूडी नावाचा जर्मन सैनिक. पोरं आणि रूडी एकमेकांच्या अंगवळणी पडत जातात, आणि शेवटी पोरांचीच गोळी रूडीला लागते.

ही मुलं युद्धात मजेत आहेत. मोठ्यांना युद्धकथांतली मुलं बिचारी हवी असतात, म्हणजे आपल्याला सोयीने हळहळता येतं. वेस्टॉल ती सोय ठेवत नाही. शिव्या आणि हाणामाऱ्या आहेत म्हणून पुस्तकावर टीका झाली. तरी बालसाहित्याचं कार्नेगी पदक त्यालाच मिळालं.

हे त्याला जमलं, कारण तो तिथलाच. १९२९चा जन्म, टाइन नदीच्या मुखाशी नॉर्थ शील्ड्समध्ये. वडील गॅसच्या कारखान्यात, चॅसच्या वडिलांसारखेच. न्यूकॅसलला भाचीकडे गेलो तेव्हा मेट्रोने टाइनमथला जाऊन आलो. मामा मठाचे अवशेष बघायला आलेत असं तिला वाटलं. मी आपला कादंबरीतलं गार्मथ शोधत धक्क्यावर गारठत होतो. ३ मे १९४१च्या रात्री नॉर्थ शील्ड्समधल्या विल्किन्सनच्या लेमोनेड कारखान्यावर बॉम्ब पडला आणि तळघरात आसऱ्याला गेलेली १०७ माणसं दगावली. वेस्टॉल तेव्हा अकरा वर्षांचा होता. आगबॉम्बची शेपटं गोळा करण्याचं वय.

पुस्तक त्याने छापण्यासाठी लिहिलंच नव्हतं. तो चित्रकलेचा शिक्षक. बारा वर्षांच्या क्रिस्टोफरला, आपल्या मुलाला, एकेक प्रकरण वाचून दाखवायचा. कंटाळा आला की क्रिस्टोफर सरळ मासिक उघडायचा, आणि बाप तेवढा मजकूर कापायचा. इतका निष्ठुर संपादक आपल्याकडच्या बोधप्रद बालकथांना मिळाला असता तर! क्रिस्टोफर १९७८मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, अठराव्या वर्षी.

नंतरच्या 'द किंग्डम बाय द सी'मध्ये (१९९०) बारा वर्षांच्या हॅरीचं घर बॉम्बमध्ये जातं. आईबाप गेले असं समजून तो एका बेवारशी कुत्र्यासोबत किनाऱ्याकिनाऱ्याने भटकतो. शेवटी कळतं की घरचे जिवंत आहेत. दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथे मिठ्या आणि आसवं काढली असती. वेस्टॉलच्या हॅरीला मात्र त्या घरात पुन्हा मावताच येत नाही.