आवळ्याचा काळा डाग

लोणी काळभोरच्या आमच्या जुन्या घरी थंडीत आवळ्याचे लोणचे घालावयाचे ठरले, की लोखंडी विळी दूर ठेवली जाई. कारण विचारल्यास आजी म्हणे, “अरे, आवळा काळा पडतो!” तो का पडतो, हे तिला सांगता येत नसे; पण तिचे निरीक्षण मात्र अचूक होते.

आवळा, हिरडा, बाभळीची साल, चहाची पाने यांत टॅनिन नावाची द्रव्ये असतात. ती लाळेतील प्रथिनांना चिकटतात, म्हणून तोंडाला तुरटपणा येतो व जीभ कोरडी वाटते. (तुरटीही तुरटच लागते, परंतु ती ॲल्युमिनियमचा क्षार आहे. चव सारखी म्हणून द्रव्य सारखे, असे समजू नये.)

लोखंडाशी गाठ पडताच टॅनिनचा निराळाच गुण दिसू लागतो. फळातील आंबटपणामुळे विळीचे लोखंड किंचित विरघळते आणि टॅनिन त्याला धरून ठेवते. हा संयोग प्रथम फिकट असतो; हवेतील प्राणवायू लाभला, की तो निळसर काळा होतो. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या व त्यात एक गंजका खिळा टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पेल्यात शाई दिसेल. ती तोंडाला मात्र लावू नये. शाई हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. युरोपात कित्येक शतके मायफळे व हिराकस यांपासूनच लिहिण्याची शाई करीत. लिहिताना ती फिकी दिसे, मागाहून काळीभोर होई. तिच्यातील आम्लाने पुष्कळ जुने कागद नेमके अक्षरांच्या रेषांवरच विरले. आपल्याकडील काजळाच्या शाईत हा दोष नाही.

रंगारी हिरड्याच्या काढ्यात भिजविलेले कापड तुरटीने पिवळे आणि लोहाच्या पाण्याने काळे करितात. कोल्हापुरी चपलेचे कातडेही बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात. तेथे टॅनिन कातड्यातील प्रथिनाला घट्ट धरते आणि एरव्ही कुजून जाणारे कातडे टिकाऊ होते.

हीच पकड पोटातही चालते. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. ती चहाबरोबर घेतली, तर टॅनिन लोहाला आतड्यातच अडविते आणि रक्तासाठी हवे असलेले लोह बरेचसे वाया जाते. भाकरी व पालेभाजी यांतील लोहाचीही तीच गत होते. उलट लिंबू किंवा पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषले जाण्यास साहाय्य करिते. म्हणून गोळी जेवणानंतर साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि चहा प्यावयाचाच असेल, तर मध्ये निदान तासाभराचे अंतर ठेवावे.