साष्टीच्या बेटावरचा संसार

अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले ते २० फेब्रुवारी १८१८ रोजी. त्यानंतर तीनच दिवसांनी ‘साको’ नावाचे अमेरिकी जहाज मुंबई बंदराला लागले. जहाज बोस्टनच्या किनाऱ्यावरून निघाले तेव्हा, म्हणजे १८१७च्या ऑक्टोबरात, खडकीची लढाईही झालेली नव्हती. साडेचार महिन्यांच्या प्रवासात इकडे एक राज्य मोडकळीला आले आणि जहाजावरच्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांत दोन जोडपी होती. जॉन निकल्स आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ, ॲलन ग्रेव्हज आणि त्यांची पत्नी मेरी. शिवाय फिलोमेला थर्स्टन नावाची एक अविवाहित बाई. ही सगळी बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी मंडळाने पाठवलेली माणसे.

ग्रेव्हज पतिपत्नींना माहीम मिळाले, निकल्स पतिपत्नींना ठाणे. ठाणे तेव्हा साष्टी बेटाचे मुख्य गाव होते. आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड असे आपण ज्याला उपनगर म्हणतो तो सगळा मुलूख या साष्टीचाच. एका बाजूला माहीमची खाडी, दुसऱ्या बाजूला ठाण्याची, वर वसईची, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये कान्हेरीचे डोंगर. मुलुंडच्या फलाटावर उभे असताना आपण बेटावर आहोत असे कुणाला वाटत नाही, पण आहोत. मिशनरी जोडपे आणि उष्ण कटिबंधातले बेट म्हटले की लोकांना हवाई आठवते. तिथे जोडप्यांची पहिली तुकडी याच बोर्डाने पाठवली, १८१९मध्ये. साष्टीचा नंबर त्याआधी लागला होता. हवाईवर कादंबऱ्या निघाल्या, ठाण्याच्या निकल्स दांपत्याच्या वाट्याला मिशनच्या इतिहासातल्या चार ओळी आल्या.

साष्टीला ख्रिस्ती धर्म नवा नव्हता. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या लेण्यांशेजारी फ्रान्सिस्कन साधूंनी सोळाव्या शतकातच मठ बांधला होता. मरोळजवळ, आज जिथे सीप्झ आहे तिथे, सेंट जॉन बाप्टिस्टचे देऊळ १५७९चे. १७३७मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. राज्ये बदलली तरी गावोगावचे कोळी, कुणबी, भंडारी ख्रिस्ती राहिले. त्यांचा पाद्री मात्र ब्रह्मचारी. बायको आहे, स्वयंपाकघर आहे, पाळणा हलतो आहे, असा पाद्री या बेटाने पाहिलेला नव्हता. मला या साऱ्या प्रकरणातली खरी नवलाई इथे दिसते. प्रॉटेस्टंट मंडळांनी इथे नुसते प्रवचनकार पाठवले नाहीत, अख्खे संसार पाठवले. आणि पुढे जे काही उभे राहिले ते बहुतांशी त्या संसाराच्या बळावर.

मुंबईहून ठाण्याला जायचे म्हणजे तेव्हा पंचवीस मैलांची मजल. एकतर खाडीतून होडीने, भरती-ओहोटीचा हिशेब सांभाळत. नाहीतर शीवपर्यंत येऊन, गव्हर्नर डंकनच्या काळात बांधलेल्या बांधावरून कुर्ल्याला उतरून, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करत जमिनीवरून. डावीकडे पवईचा मुलूख, जो डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९९मध्ये कंपनीकडून भाडेपट्ट्याने घेतला होता. भातखाचरे, ताडामाडांची झाडे, दलदल आणि पावसाळ्यानंतर हमखास येणारा हिवताप. माहीमहून वांद्र्याला जायला तर होडीच होती. तिथला रस्ता अवाबाई जमशेटजींनी दीड लाखांवर रुपये देऊन केला तो १८४५मध्ये. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी ५७ मिनिटांत पोहोचली १६ एप्रिल १८५३ रोजी. निकल्स यांच्या पश्चात अठ्ठावीस वर्षांनी. म्हणजे ठाण्याचे घर आणि मुंबईतले सहकारी यांच्यामध्ये दर खेपेला एक अख्खा दिवस होता.

गावही गजबजलेले होते. किल्ला, त्याच किल्ल्यातल्या कैदेतून पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६च्या सप्टेंबरात निसटले, त्याला दीड वर्ष होत होते. कलेक्टर, न्यायाधीश, फौज, कचेरीतले कारकून, बाजार.

या मिशनचा आठवडा रविवारपासून मोजायचा. सकाळी मराठीतून उपासना, जमल्यास इंग्रजांसाठी इंग्रजीतून. मिशनच्या शाळांतली मुले आणि त्यांचे पंतोजी रविवारी बोलावले जात. मुले दहा आज्ञा आणि प्रश्नोत्तरे पाठ म्हणून दाखवत. श्रोत्यांत खरे तर हीच मंडळी जास्त. महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रार्थनासभा. त्याच दिवशी बोस्टनमध्ये, सिलोनमध्ये, जगभरच्या मिशनांत तीच सभा भरत असे, आणि एकटे पडलेल्या या घरांना तो दिवस मोठा वाटत असणार. बाकीचे दिवस शाळांचे. सकाळच्या गारव्यात एका आळीतली शाळा, दुसरे दिवशी दुसरी. दुपारी मुन्शीबरोबर मराठीचा अभ्यास किंवा भाषांतर. संध्याकाळी बाजारात, देवळासमोर, तळ्याच्या काठी जिथे माणसे बसलेली असतील तिथे बोलणे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल हे मुंबईतले ज्येष्ठ सहकारी याच पद्धतीने वर्षानुवर्षे हिंडले.

शाळेतला शिक्षक ब्राह्मण पंतोजी. तो ख्रिस्ती नसे, होण्याचा त्याचा विचारही नसे. धुळपाटीवर अक्षरे गिरवून घ्यायची, पाढे घ्यायचे, मोडी शिकवायची हे त्याचे जुनेच काम. त्यात छापील पुस्तकातले उतारे तेवढे वाढले. पगार मिशनचा. पाद्र्याला मुले मिळाली, पंतोजीला पोट मिळाले, पालकांना फुकट शाळा. धर्मांतर मात्र जवळपास शून्य. १८१३पासून मुंबईत राबणाऱ्या या मिशनने पहिला बाप्तिस्मा दिला तो १८१९मध्ये, आणि तोही हैदराबादकडून आलेल्या एका मुसलमानाला.

आता याच आठवड्याकडे घराच्या आतून पाहावे. बोर्डाच्या कागदांत बायकांची नोंद ‘सहायक मिशनरी’ अशी होई. पगार स्वतंत्र नाही, मत नाही. पण घरात गोऱ्या शिपायांची इथल्या स्त्रियांपासून झालेली, कुणी वाली नसलेली मुले शिकायला ठेवून घेत. त्यांचे खाणे, कपडे, अभ्यास, आजारपण बाईकडे. आल्यागेल्या पाहुण्यांची उस्तवार, नोकरांशी मराठीतून बोलणे, महिन्याचा हिशेब, बोस्टनला जाणारी पत्रे, आणि त्यातच स्वतःची बाळंतपणे. १८१८च्या पावसाळ्यात बंगालकडून सरकत आलेली पटकी मुंबईत शिरली. त्या सालानंतर दर उन्हाळ्याला तिची धास्ती.

मुंबईच्या मिशनच्या पहिल्या तुकडीतल्या रोक्साना नॉट यांची हकीकत तर या आठवड्याच्याही आधीची आहे. कंपनी सरकारने १८१३मध्ये पाद्र्यांना परत पाठवायचे ठरवले, तेव्हा सॅम्युएल नॉट आणि हॉल गुपचूप एका गलबतातून कोचीनला निघून गेले आणि नॉटबाई मुंबईत मागे राहिल्या. सरकारने त्या दोघांना धरून परत आणले. पुढे त्यांना राहू दिले हा विजय मिशनच्या इतिहासात सविस्तर आहे. मागे राहिलेल्या बाईचे दिवस कसे गेले, हे त्यात शोधावे लागते.

आणि मग मरणे सुरू झाली. न्यूएल यांची पहिली पत्नी हॅरिएट, वय १९, भारतात राहण्याची परवानगी नाकारली गेल्यामुळे मॉरिशसला गेली आणि १८१२च्या नोव्हेंबरात तिथेच वारली. ‘साको’वरून आलेल्या फिलोमेला न्यूएल यांच्या दुसऱ्या पत्नी झाल्या. न्यूएल १८२१च्या मेमध्ये पटकीने गेले. पुढच्या वर्षी फिलोमेलांनी मिशनच्या छापखान्याचे जेम्स गॅरेट यांच्याशी लग्न केले. गॅरेटही १८३१मध्ये वारले. जॉन निकल्स १८२४च्या डिसेंबरात गेले. याच मिशनचे एडमंड फ्रॉस्ट १८२४मध्ये आले आणि १८२५मध्ये गेले. गॉर्डन हॉल १८२६च्या मार्चमध्ये नाशिकहून परतताना वाटेतच पटकीने गेले. त्यांच्या पत्नी मुलांना घेऊन आदल्याच वर्षी अमेरिकेला निघाल्या होत्या आणि एक मुलगा जहाजावरच दगावला होता.

एलिझाबेथ निकल्स यांनी १८२६मध्ये सिलोनमध्ये जाफन्याकडे काम करणारे इंग्रज मिशनरी जोसेफ नाइट यांच्याशी लग्न केले. एडमंड फ्रॉस्ट यांच्या विधवा क्लॅरिसा यांनी त्याच सिलोनमधले हेन्री वुडवर्ड यांच्याशी, आणि वुडवर्ड गेल्यावर मदुराईचे विल्यम टॉड यांच्याशी. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, एका आडनावातून दुसऱ्यात. वरवर पाहता ही पुनर्विवाहांची यादी आहे. आपल्याकडे त्या काळी ब्राह्मण विधवेचे केशवपन होत होते, तेव्हा कुणी म्हणेल किती मोकळा समाज. मला तसे वाटत नाही. या बायकांना मराठी येत होते, शाळा चालवता येत होत्या, हवापाण्याची सवय झाली होती. पण नवरा गेला की बोर्डाच्या यादीतली त्यांची जागाही गेली. काम चालू ठेवायचे तर दुसऱ्या मिशनऱ्याची पत्नी होणे किंवा घरी परतणे, एवढ्याच वाटा.

ठाण्यात निकल्स यांच्या सात वर्षांचे काही उरले नाही. ते गेल्यावर काही महिन्यांनी, १८२५मध्ये, बिशप हेबर साष्टीत आले आणि त्यांनी ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचे पवित्रीकरण केले. तुरुंगाजवळचे ते दगडी चर्च अजून आहे. पण ते इंग्रज अंमलदारांचे.

तुलनेला दुसरे जोडपे घ्यावे, कारण त्यांनाही जवळजवळ तेवढीच वर्षे मिळाली. स्कॉटलंडचे जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन फेब्रुवारी १८२९मध्ये मुंबईत आले. विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे. मराठी शिकायला दोघे आधी कोकणात, बाणकोट-हर्णैकडे गेले आणि वर्षाच्या अखेरीला मुंबईला परतले. परतल्या परतल्या मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. वर्षभरात अशा सहा शाळा झाल्या. जॉन विल्सन इकडे मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद घालत होते. मोरभटांनी आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ म्हणून छापली, विल्सनांनी तिला उत्तर छापले. वादाचे दोन्ही ग्रंथ आज अभ्यासकांपुरते उरले. मार्गारेटबाईंनी १८३२मध्ये सुरू केलेली शाळा गावदेवीला सेंट कोलंबा म्हणून आजही भरते.

त्यांचा आठवडा शाळांच्या तपासणीचा, पंडिताबरोबर मराठीचा, घरी येणाऱ्या बायकांबरोबर वाचनाचा आणि रात्री मासिकासाठी लिखाणाचा. मराठीच्या जोडीला त्यांनी इतर देशी भाषाही उचलल्या. १९ एप्रिल १८३५ रोजी त्या गेल्या. मुलगा अँड्र्यू पुढे प्रवासवर्णने लिहून नावाजला. नवऱ्याने १८३८मध्ये त्यांचे जाडजूड चरित्र छापले, त्यांची पत्रे आणि रोजनिशी घालून. मार्गारेटबाईंच्या दोन बहिणी, ॲना बेन आणि ‘हे’ बेन, शाळा चालवायला १८३७मध्ये मुंबईला आल्या.

हा फरक कशाने पडला? मार्गारेटबाई जास्त कर्तबगार होत्या म्हणून, असे सरळ म्हणता येत नाही. एलिझाबेथबाईंची पत्रे कुणी छापली नाहीत, मग मोजणार कशाने. एक कारण जागेचे. गिरगावच्या आसपास वस्ती दाट, छापखाना जवळ, मदत करणारे इंग्रज अंमलदार हाकेच्या अंतरावर. ठाण्याला एकच घर, आणि त्या घरातला माणूस गेला की शाळांचा पगार द्यायलाही कुणी नाही. दुसरे कारण कागदाचे. मराठी वाचकाला मिशनऱ्याच्या संसाराची आतली बाजू ठाऊक आहे ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे, आणि ती शंभरेक वर्षांनंतरची. तिथे नवऱ्याचे धर्मांतर, रागलोभ, घरातली रिकामी डबडी, सगळे बायको स्वतः सांगते. मार्गारेट विल्सन आपल्याला नवऱ्याने निवडलेल्या पत्रांतून भेटतात. एलिझाबेथ निकल्स तेवढ्याही भेटत नाहीत.

‘साको’वरच्या दोन जोडप्यांपैकी ग्रेव्हज पतिपत्नी टिकली. प्रकृतीसाठी ती महाबळेश्वरला जाऊन राहिली, तिथे भाषांतराचे काम चालू राहिले, आणि ॲलन ग्रेव्हज १८४३च्या डिसेंबरात तिथेच वारले. मिशनचा छापखानाही टिकला. त्यातल्या टॉमस ग्रॅहॅमने मराठी टाइप सुधारला आणि त्याच छापखान्यात पोरवयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर काढला. ज्या नव्या कराराच्या भाषांतरासाठी हा छापखाना मुख्यतः चालला, तो १८२६मध्ये छापून पुरा झाला. हॉल गेले त्याच वर्षी.

एवढी माणसे गमावल्यावर बोर्डाने एक गोष्ट बदलली. १८२७च्या अखेरीला मुंबईला आलेल्या तुकडीत सिंथिया फेरार नावाची शिक्षिका होती. ती कुणाची पत्नी नव्हती, होणारही नव्हती. बोर्डाने तिला मुलींच्या शाळांसाठीच नेमले होते. मुंबईत बरीच वर्षे काढून फेरारबाई अहमदनगरला गेल्या. तिथल्या अमेरिकन मिशनची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर पाहिली आणि पुण्याला परतून १८४८मध्ये भिड्यांच्या वाड्यात आपली शाळा सुरू केली. फेरारबाई १८६२मध्ये नगरला वारल्या. चौतीस वर्षांच्या कामात मायदेशच्या एका फेरीखेरीज त्यांनी शाळा सोडली नाही.