अकोल्याचा किलो, अमरावतीचा किलो

अकोल्यात मोजलेला क्विंटलभर कापूस अमरावतीतही क्विंटलच भरतो. यात तुम्हाला नवल वाटणार नाही. पण पूर्वी 'मण' म्हटले की कोणता, हे विचारावे लागे! मुंबईचा मण सुमारे 12.7 किलोग्रॅमचा, तर बंगाली मण 37.3 किलोग्रॅमचा. हा घोळ मिटवण्यासाठी 1956 च्या कायद्याने मेट्रिक वजने आणली. (कापसाचे व्यापारी मात्र अजूनही 356 किलोच्या खंडीत भाव बोलतात.)

तरीही कायद्याने वजने सारखी राहत नाहीत. ती हाताळून झिजतात, मळ बसून जड होतात. 20 किलोचे वजन 100 ग्रॅमने जड असले, तर शेतकऱ्याचा क्विंटलमागे अर्धा किलो कापूस फुकट जातो. नकलेवरून नक्कल केली तर चूक साचतच जाते. म्हणून प्रत्येक वजन वरच्या पायरीशी ताडतात: दुकानातले निरीक्षकाच्या कार्यकारी मानकाशी, ते दुय्यम मानकाशी, ते संदर्भ मानकाशी. सर्वांत वर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तेथे आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची 57 क्रमांकाची प्रत आहे.

आणि पॅरिसजवळचा मूळ किलो? शंभर वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या प्रतींत सुमारे 50 मायक्रोग्रॅमचा फरक पडला. बदलले कोण, हे सांगणार कोण? म्हणून 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून करतात.

आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, तरी तेही प्रमाणित वजने ठेवूनच तपासावे लागतात. दुकानातल्या काट्यावरचा शिक्का पाहा. त्यावरून तपासणीचे वर्ष आणि तिमाही कळते.