उंबरठा आणि झडती

आपल्या लेखनाच्या मेजाचा एखादा खण सहज उघडून पाहावा. जुनी पोस्टकार्डे, किराण्याच्या पावत्या, कधीतरी टिपून ठेवलेली पुस्तकांची नावे. यांपैकी कोणत्या कागदाचा कोण परका मनुष्य काय अर्थ लावील, हे आपल्या हाती नसते.

१९०८ च्या जूनमध्ये लोकमान्य टिळकांना मुंबईस अटक झाली आणि लागलीच त्यांच्या पुण्याच्या वाड्याची व सिंहगडावरील बंगल्याची झडती घेण्यात आली. तीत एक कार्ड सापडले. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. सरकारपक्षाने ते कार्ड पुराव्यात दाखल केले. स्फोटक द्रव्यांच्या नव्या कायद्यावर टीका करण्यासाठी आपण ती नावे टिपली होती, असे टिळकांनी न्यायालयास सांगितले. खटला ‘केसरी’तील लेखांचा होता आणि सहा वर्षांची शिक्षाही त्या लेखांबद्दलच झाली, हे खरे, तथापि खणातले एक कार्ड ज्यूरीपुढे गेले ते गेलेच.

परकीय सत्तेचा हा अनुभव ज्यांच्या स्मरणात ताजा होता, त्यांनीच पुढे राज्यघटना लिहिली. मग घराच्या उंबरठ्याला त्यांनी मूलभूत हक्कांत स्थान दिले असेल, असे वाचकांस साहजिकच वाटेल. तसे घडले नाही. ही हकीकत फारशी कोणास ठाऊक नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगावयास हवी.

अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून एक तरतूद आहे. मनुष्याचे शरीर, घर, कागदपत्र व चीजवस्तू यांस अवाजवी झडती व जप्ती यांपासून अभय असावे, आणि सबळ कारणावाचून वॉरंट निघू नये, असा तिचा आशय. १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या आपल्या मसुद्यात हा हक्क समाविष्ट केला होता. श्री. कन्हैयालाल मुनशी यांच्याही मसुद्यात घराचे व पत्रव्यवहाराचे संरक्षण होते. मद्रासचे विख्यात कायदेपंडित अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि घटनासभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांना मात्र ते पटेना. असा हक्क घटनेत घातल्यास गुन्ह्यांचा तपास व खटल्यांचे काम अडून बसेल, अशी त्यांची शंका होती. ती शंका वावगी होती, असे मला म्हणवत नाही. पण तिच्यापायी जे गमावले ते थोडे नव्हे.

३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तीच तरतूद उपसूचनेच्या रूपाने पुन्हा मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. त्यांचे म्हणणे असे की, हे नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेतच. परंतु उद्याचे एखादे विधिमंडळ ते रद्द करू शकेल, यास्तव त्यांना विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट. सभागृहात गोंधळ झाला, मतदान पुढे ढकलण्यात आले आणि अखेर उपसूचना नामंजूर झाली.

तिच्या अभावाचा परिणाम लौकरच दिसला. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितले की, घटनाकारांनी जो हक्क घातला नाही तो आम्ही ओढूनताणून आणणार नाही. १९६२ मध्ये खडकसिंग खटल्यात रात्री-अपरात्री पोलिसांनी घरी येऊन दार ठोठावणे घटनाबाह्य ठरले. पण खाजगीपणाचा स्वतंत्र हक्क न्यायालयाने तेव्हाही मानला नाही. तो मान्य होण्यास २०१७ चा ऑगस्ट उजाडावा लागला. त्या वेळी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

प्रत्यक्ष दारावर थाप पडते तेव्हा मात्र उपयोगी पडतो तो साधा कायदा, म्हणजे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. आपले बिऱ्हाड चेन्नईच्या गिंडीत असो वा यवतमाळास, नियम एकच. तपास करणारा अधिकारी वॉरंटाशिवाय झडती घेऊ इच्छीत असेल, तर विलंब का परवडत नाही याची कारणे आणि शक्यतो कोणती वस्तू शोधावयाची तेही त्याने आधी लिहून ठेवले पाहिजे. झडतीस परिसरातील दोन वा अधिक निःपक्षपाती, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत. (लेखी बोलावणे आल्यावर सबळ कारणाविना पंच होण्याचे नाकारणे हा गुन्हा आहे; शेजाऱ्याकडे पोलीस आले की आपण हळूच दार लावून घेतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.) घरधन्यास वा त्याच्या वतीने कोणास तरी झडतीच्या वेळी हजर राहता येते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा सांभाळून घ्यावयाची असते. आता झडतीचे व जप्तीच्या यादीचे ध्वनिचित्रमुद्रणही बंधनकारक झाले आहे. आयकर, सीमाशुल्क, अंमली पदार्थ यांचे कायदे निराळे आहेत. त्यांत अधिकाऱ्यांचे अधिकारही निराळे.

एवढे नियम पाळले गेले नाहीत तर काय? येथे वाचकांची निराशा होईल. १९७३ च्या पूरनमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, झडती बेकायदा असली तरी तीत सापडलेला सुसंबद्ध पुरावा तेवढ्यावरून त्याज्य होत नाही. मुंबईच्या एका घरात परदेशी छापाची सोन्याची बिस्किटे सापडली होती. त्या प्रकरणीही १९७९ मध्ये न्यायालयाने हाच कित्ता गिरविला. अमेरिकेत १९६१ पासून राज्यांच्या न्यायालयांतही असा पुरावा सामान्यतः बाहेर ठेवला जातो. आपल्याकडे नियमभंगाने पुराव्याचे वजन घटू शकते, अधिकाऱ्याला जाब विचारता येतो. पण कार्ड खणातून निघाले ते निघालेच.

म्हणूनच पंचांच्या सहीची यादी महत्त्वाची. तिची प्रत घरातील माणसास देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. वॉरंटाशिवाय झडती झाली असेल, तर त्याने लिहिलेल्या कारणांची नक्कल ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पोचली पाहिजे, आणि अर्ज केल्यास तीही घरमालकास विनामूल्य मिळते.