विहिरीच्या सवयी टाकीत चालत नाहीत

कोल्हापूरकर पोहायला शिकतो तो विहिरीत. कमरेला डबा बांधायचा, काकानं वरून ढकलायचं आणि हातपाय मारत कडेला यायचं. आता पन्हाळ्याच्या नाहीतर गगनबावड्याच्या वाटेवर फार्महाऊस झाली आणि त्यांच्या दारात निळ्या फरशीच्या टाक्या आल्या. अशा टाक्यांची देखभाल हा माझा धंदा. मालक हौशी असतात, खर्चाला मागे सरत नाहीत. चुका होतात त्या विहिरीच्या सवयीनं. विहिरीला झरे असतात. मोटर उसाला पाणी ओढते आणि नवं पाणी भरत राहतं. टाकीत मात्र तेच पाणी महिनोन्‌महिने फिरतं.

विहिरीत पाणी डोळ्यांनी पारखायचं असतं. टाकीत तळ लख्ख दिसला तरी जंतू असू शकतात. तिथं टेस्ट किट लागतो. दोन आकडे बघा: क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८. पीएचकडं फारसं कुणी बघत नाही, आणि पैसे वाया जातात ते तिथंच. पीएच साडेसातच्या आसपास असताना टाकलेल्या क्लोरीनपैकी निम्मं जंतू मारायच्या कामी येतं; आठला गेला की जेमतेम पाव. मग पावडर ओतत राहिलं तरी पाणी हिरवं ते हिरवंच.

दुसरी गफलत वासाची. डोळे चुरचुरले, उग्र वास आला की मालक म्हणतात, “क्लोरीन जास्त पडलंय, दोन दिवस टाकू नका.” खरं कारण बहुतेक वेळा उलटं असतं. घाम, लघवी, अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीन जुळून क्लोरामाइन तयार होतं, वास त्याचा. ते तोडायला क्लोरीन एकदम वाढवावं लागतं, आणि पातळी उतरेपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही. आमच्याकडं आखाड्यातून उठून थेट विहिरीत उडी मारायची रीत. टाकीत उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करायला लावली, तर निम्मी पावडर वाचेल.

डोस मुठीनं ठरवू नका. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणा. ८ बाय ४ ची, सव्वा मीटर खोल टाकी म्हणजे ४० हजार लिटर. १ पीपीएम म्हणजे हजार लिटरला १ ग्रॅम. २ पीपीएमसाठी ८० ग्रॅम शुद्ध क्लोरीन हवं. ६५ टक्क्यांची पावडर असेल तर साधारण १२५ ग्रॅम. ती संध्याकाळी टाका, कारण उघड्या टाकीतलं क्लोरीन दुपारचं ऊन बघता बघता खाऊन टाकतं. पंप चालू ठेवून टाका, म्हणजे पावडर तळाला साचणार नाही.

पावडरीऐवजी मिळणाऱ्या क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्यांना ऊन तितकंसं बाधत नाही, कारण त्यांत सायन्युरिक आम्ल असतं. पण ते पाण्यात साठत जातं. शंभर पीपीएमच्या वर गेलं की क्लोरीन मंदावतं. मग थोडं पाणी काढून नवं भरणं हाच उपाय. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात, एकाच चमच्यानं कधीही हाताळू नका. विषारी वायू सुटतो, स्फोटही होतो. पीएच उतरवायचं आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी नाही.

गाळप हंगामात फडातल्या पाचटाची काळी राख उडत येते. तेव्हा फिल्टर लवकर तुंबतो. प्रेशर गेजचा काटा नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय वर चढला, की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा.

सगळ्यात महाग चूक पावसाळ्यातली. जूनमध्ये “आता कोण पोहतंय?” म्हणून टाकी रिकामी करतात, विहीर उपसल्यासारखी. ४० हजार लिटर म्हणजे ४० टन वजन टाकीला जमिनीत दाबून ठेवत असतं. ते काढलं आणि भोवतालच्या जमिनीत पाणी चढलं, की टाकी खालून उचलली जाते, तळ फुटतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलेलं आपण पाहिलंय. जमिनीखालचं पाणीही असंच चढतं, फक्त दिसत नाही. टाकी भरलेली ठेवा, जादा पाण्याला वाट द्या आणि पंप रोज फिरवा. क्लोरीन थांबलं तर आठ-दहा दिवसांत डासांची पिढी बाहेर पडते. शेजारच्या उसातून खत ओघळून आलं, तर शेवाळाला मेजवानीच.

पंपाच्या खोलीत एक वही टांगा: तारीख, पीएच, क्लोरीन, किती टाकलं. ज्यांच्याकडं ती वही आहे, ते मला क्वचितच बोलावतात. धंद्याला ते बरं नाही, पण पोरांना बरं आहे.