चिलापीचे आफ्रिकी भाऊबंद

भिगवणच्या मासळी बाजारात उजनी धरणातल्या चिलापी माशाला तोटा नाही. चिलापी म्हणजे तिलापिया, सिक्लिड कुळातला मूळचा आफ्रिकी मासा. 1952 साली तो भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडातच उबवते, मग हा पाहुणा घरमालक झाला यात नवल ते काय!

व्हिक्टोरिया सरोवरातल्या भाऊबंदांची तऱ्हा निराळी. जेमतेम 15 हजार वर्षांत त्यांच्या सुमारे 500 जाती झाल्या! 2017 च्या जनुकीय अभ्यासानुसार मुळाशी आहे दोन दूरच्या वंशांचा संकर. त्यातून दृष्टीच्या एका जनुकाची वेगवेगळी रूपं एकत्र आली. गढूळ पाण्यात खोलवर तांबडा उजेडच जास्त पोचतो; तिथं माद्यांच्या नजरेत लाल नर भरले, उथळात निळे, आणि अशा आवडीनिवडीतून जाती वेगळ्या होत गेल्या.

या विविधतेमागं आणखी एक कारण असू शकतं: 2014 मध्ये पाच आफ्रिकी सिक्लिडांचे जीनोम तपासले, तेव्हा सरोवरवासी वंशात जनुकांच्या जादा प्रती तिलापियाहून कितीतरी अधिक आढळल्या.