चिकित्सालयातील संगणक आणि सामायिक कार्यसूची

आयुर्वेदीय चिकित्सालय लहान असले, तरी स्वागतकक्ष, परीक्षणकक्ष आणि पंचकर्मकक्ष अशा तीन ठिकाणी संगणक असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र 'उद्या कोणत्या रुग्णाचे काय करावयाचे' याची सूची बहुधा प्रत्येक संगणकावर निराळी असते. ती एकच कशी ठेवावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

योगबस्तीचेच उदाहरण घेऊ. या क्रमात ५ अनुवासन व ३ निरूह असे ८ बस्ति असतात. अनुवासन भोजनोत्तर, तर निरूह रिक्तकोष्ठी द्यावयाचा. रुग्णाचे बल पाहून वैद्यांनी क्रम एक दिवस पुढे ढकलला आणि तो बदल स्वागतकक्षातील सूचीत पोहोचला नाही, तर काय होईल? मूळ क्रमानुसार रुग्णास 'जेवून या' असे सांगितले जाईल आणि आत निरूहाची सिद्धता असेल. दोन सूची असल्या, की असा विसंवाद कधी ना कधी होणारच. पेन ड्राइव्हने किंवा ई-मेलने प्रती फिरविल्याने तो वाढतोच.

म्हणून सूची एक व तिचे स्थानही एक, हे मूळ तत्त्व होय. राउटरला जोडलेल्यांपैकी एक संगणक मुख्य ठरवावा, त्यावरील एक फोल्डर शेअर करावा व इतर संगणकांवर त्याचा शॉर्टकट ठेवावा. विंडोज ११ एका वेळी २० जोडण्या स्वीकारते. एवढ्यासाठी स्वतंत्र सर्व्हर घेण्याचे कारण नाही. मुख्य संगणक कामाच्या वेळेत स्लीप अवस्थेत जाऊ नये, एवढी दक्षता घ्यावी.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. शेअर केलेली एक्सेलची फाइल एकाने उघडली असता दुसऱ्यास ती सामान्यतः केवळ वाचता येते. नोंद करून फाइल लगेच बंद करण्याची शिस्त असेल, तर हे चालते. तिघांनाही एकाच वेळी लिहावयाचे असल्यास कॅलडॅव्ह या २००७ च्या मानकावर चालणारी व्यवस्था बरी. मुख्य संगणकावर रॅडिकेल व इतरांवर थंडरबर्ड हे दोन्ही विनामूल्य प्रोग्राम त्यासाठी पुरतात. आउटलुकची पीएसटी फाइल मात्र शेअर फोल्डरमध्ये ठेवून वापरू नये. ती बिघडण्याचा धोका असतो.

रुग्णाची माहिती गोपनीय असल्याने फोल्डर सर्वांस खुला न ठेवता प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड द्यावा. सूचीत नावाऐवजी नोंदणी क्रमांक लिहावा. जुना विंडोज एक्सपीचा संगणक जोडण्यासाठी एसएमबी १ ही कालबाह्य पद्धत पुन्हा सुरू करू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' तिच्यातील दोषामुळेच पसरला होता. रोजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी.

प्रत्येक नोंदीत क्रमांक, कर्म, दिनांक, करणाऱ्याचे नाव व पूर्ततेची वेळ असावी. झालेले काम पुसून न टाकता 'पूर्ण' असे दर्शवावे. कर्मक्रम बदलण्याचा अधिकार केवळ वैद्यांचा. इतरांनी पूर्ततेचीच नोंद करावी. रुग्णास सूचना देण्यापूर्वी ही एकच सूची पाहण्याची सवय सर्वांना लागली, म्हणजे संगणकांची जोडणी सार्थकी लागली असे आम्ही समजतो.